गल्लीतल्या लोकांना सोबत घेऊन बागेतली भिंत रंगवायचीय? सोलापुरात नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

बागेच्या भिंतीवर चित्र काढायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, आर्टिस्ट कोण आहे? माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटी विचारा. आधी हे बघा की त्या बागेच्या आजूबाजूला राहणारी किती माणसं सकाळचे दोन तास हातात ब्रश धरायला तयार आहेत, आणि "मला नाही बाई चित्र येत" म्हणणाऱ्यांना काय काम देता येईल. चित्र त्यावरून ठरवायचं. पेंटरला पैसे देऊन काढून घेतलेली भिंत मी आमच्या भागात बघितलीय, काम सुंदरच होतं, पण त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या पडल्या आणि कुणाला काही वाटलं नाही. आणि जिथं गल्लीतल्या पोरांनी, मावश्यांनी स्वतः रंग भरलेत तिथं कुणी पोस्टर घेऊन आलं तर समोरच्या गॅलरीतून आवाज येतो, "ए, काय करायलास बे तिथं?" एवढाच फरक आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे.

म्हणून खाली जे लिहिलंय ते अशा कामासाठी आहे ज्यात बहुतेकांना चित्र येत नाही.

आधी माणसं

बागेत आधीच कोण कोण येतं ते बघा. सकाळी चालायला येणारे, हास्यक्लबवाले, संध्याकाळी बाकावर बसणारे रिटायर्ड काका, नातवंडांना घेऊन येणाऱ्या आज्या. मग जवळचा महिला बचत गट, जवळच्या शाळेतले चित्रकलेचे सर किंवा बाई, आणि गल्लीतलं उत्सव मंडळ. मंडळांना लोक नावं ठेवतात, पण चार दिवसांत मांडव उभा करणारी, वर्गणी गोळा करणारी, शिडी, वायर, फोकस सगळं घरचं असणारी पोरं सोलापुरात प्रत्येक पेठेत आहेत, त्यांना सांगितलं की "ही भिंत तुमच्या भागाची" तर ती काम करतात, आणि मनापासून करतात. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मार्कंडेय रथोत्सव, ज्यांचं जे मंडळ असेल त्या सगळ्यांना बोलवा. एकाच मंडळाला धरलं की भिंत त्या मंडळाची होते आणि बाकीचे लांब राहतात.

माळी आणि वॉचमन, या दोघांना विसरू नका. माळीमामांना माहीत असतं की कुठल्या कोपऱ्यात पाइपचं पाणी सारखं भिंतीवर जातं, कुठं ओल आहे, पावसाळ्यात पाणी कुठून घुसतं. वॉचमनला माहीत असतं रात्री कोण येऊन बसतं. या दोघांशी पहिल्या दिवसापासून चहा घेऊन बोला आणि त्यांची नावं पण शेवटी भिंतीवर इतरांच्या बरोबरीने लिहा.

अजून एक, आपल्याकडे नुसता मराठीत व्हॉट्सॅप मेसेज टाकून भागत नाही. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, कुठं कन्नड, कुठं उर्दू. दारात जाऊन, "अक्का, रविवारी सकाळी या हो, पोरांना पण आणा" असं तोंडी सांगितल्याशिवाय माणसं येत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायकांना माल द्यायला जायची वेळ असते, मागावर काम करणाऱ्यांची सुट्टी वेगळी असते, तर वार आणि वेळ तुम्ही ठरवून सांगू नका, त्यांना विचारून ठरवा. आणि नळाचा दिवस! सोलापुरात ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्या दिवशी त्या भागात पाणी सुटणार त्या सकाळी कुणीही येणार नाही, आणि येऊ पण नये, त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी पाण्याची पाळी बघा.

आठ-दहा माणसं अशी हवीत जी दर वेळी येतील, बाकीची येतील-जातील, ते चालतं. त्यातल्या एकाकडे हिशोब द्या आणि प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायची सवय लावा, दहा रुपयांचा खडूचा डबा असला तरी. वर्गणीतून चाललेल्या कामात पैशावरून कुजबुज सुरू झाली की चित्र राहतं बाजूला.

जागा निवडताना

लहान जागा घ्या. साधारण 20 फूट लांब आणि 7 फूट उंच असा एक तुकडा पहिल्यांदा पुरे. पूर्ण कंपाउंड रंगवायचा उत्साह सगळ्यांना असतो, पण अर्धवट राहिलेली भिंत मोकळ्या भिंतीपेक्षा वाईट दिसते आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही.

ओल आहे का ते तपासायची एक सोपी पद्धत आहे. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा प्लॅस्टर काळपट झालं तर भिंतीतून ओल येतेय, तिथं कितीही भारी रंग लावा, पोपडे निघणारच. पांढरी खार फुटलेली दिसली तरी तेच. अशी भिंत सोडून द्या किंवा आधी पाणी कुठून येतं ते बंद करा.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला दुपारचं सगळं ऊन लागतं, आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे मे मध्ये 43-44 डिग्री, तिथं रंग लवकर उतरतात. उत्तरेकडची किंवा झाडाच्या सावलीतली भिंत मिळाली तर उत्तम.

आणि काही जागांना हात लावू नका. काळ्या दगडाची जुनी उघडी भिंत रंगवू नका, ती तशीच सुंदर आहे आणि एकदा रंग दगडात मुरला की निघत नाही. भुईकोट किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे, तिथं काही करावंसं वाटणं साहजिक आहे पण किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्याच्यापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरला परवानगीची अट असते, त्यामुळे किल्ल्याजवळ कायमस्वरूपी काही करायच्या आधी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकू नका. झाडांच्या खोडाला ऑइलपेंट लावणं, खिळे मारून बोर्ड लावणं हे पण नको. महावितरणच्या डीपीपासून, म्हणजे विजेच्या पेटीपासून, लांब.

परवानगी, आणि ती लेखी

"आपलीच बाग आहे, कोण काय म्हणणार" असं म्हणून सुरू करू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे, परवानगीशिवाय सार्वजनिक भिंतीवर लिहिलं, रंगवलं तर तो लागू होऊ शकतो, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. आधी बाग कुणाची आहे ते शोधा. महापालिकेची असेल तर उद्यान विभाग आणि तुमचं झोन ऑफिस. काही कॉलन्यांमध्ये बाग म्हणतो ती जागा सोसायटीचा ओपन स्पेस असतो, तिथं सोसायटीच्या कमिटीचा ठराव पण लागेल. भिंतीची दुसरी बाजू कुणाच्या घराची असेल तर त्या घरमालकाची सही घ्या, गोड बोलून, आणि शक्यतो त्यांच्याच पोरांना ब्रश द्या.

अर्ज एका पानाचा करा. कुठली बाग, कुठली भिंत, लांबी-उंची, चित्राचा छोटा नमुना, किती दिवस काम चालणार, खर्च कोण करणार, नंतर देखभाल कोण करणार, आणि चित्रात कुठलीही जाहिरात किंवा पक्षाचं चिन्ह नाही ही ओळ. सोबत भिंतीचा आत्ताचा फोटो. दोन प्रती घेऊन जा, इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, किंवा झोन ऑफिसला आवक-जावकला एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊनच बाहेर पडायचं. ही पोच नसेल तर पुढच्या वेळी तुमचा अर्ज कुठं आहे हे कुणालाच सांगता येत नाही. फाइलला वेळ लागतो हे धरूनच चाला. हिवाळ्यात रंगवायचं असेल तर अर्ज गणपतीच्या आसपास गेलेला बरा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर थांबा, त्या काळात सरकारी भिंतींवर काही करायला जाऊ नका.

नगरसेवकांना भेटा, मदत मागा, उद्घाटनाला बोलवा, पण भिंतीवर कुणाचं नाव सौजन्य म्हणून टाकायचं नाही हे पहिल्या भेटीतच सरळ सांगा. नंतर सांगायला अवघड जातं.

चित्र काय काढायचं

इथं जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं यावर आहे.

सोलापुरात राहून आपल्याकडे एक तयार पद्धत आहे जी सगळ्या गावांकडे नाही. चादर. सोलापुरी चादरीला 2005 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण चादरीवरचं फूल किंवा मोर तयार कसा होतो ते घरात माग असलेल्यांनाच माहीत असतं. डिझाइन आधी ग्राफच्या कागदावर काढतात, बारीक चौकोनांमध्ये, कुठला चौकोन भरायचा कुठला मोकळा सोडायचा. मग त्या ग्राफवरून जॅकार्डचे पत्ते पंच करतात, पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं, आणि ती पत्त्यांची माळ मागावर चढली की कुठला धागा वर उचलायचा ते भोक सांगतं. म्हणजे ज्याने मागावर हात चालवला त्याला चित्र काढता यायची गरज नव्हती, आणि तरी मोर उतरायचा. अगदी हेच भिंतीवर करायचं.

एखादी जुनी चादर आणा, घरात असतेच, कपाटात तळाला. जाडजूड, वजनदार. तिच्या काठाची एखादी वेल किंवा मधलं फूल निवडा आणि ग्राफच्या वहीवर उतरवा. जवळून बघितलं तर लक्षात येतं की फुलाची पाकळी गोल नाहीच, तिच्या कडेला पायऱ्या पायऱ्या आहेत, लांबून गोल दिसते एवढंच. या पायऱ्याच आपल्या कामाच्या. डिझाइन किंवा पंचिंगचं काम केलेले कुणी आजोबा तुमच्या भागात असतील तर त्यांना शोधून काढा, त्यांच्याइतकं हे कुणाला समजत नाही आणि अशा कामाला त्यांना बोलावलं की त्यांनाही बरं वाटतं.

आता हिशोब. भिंत 20 फूट लांब, खालचा एक फूट सोडून वरचे 6 फूट चित्राला. तीन इंचाचा चौकोन धरला तर आडवे 80 आणि उभे 24, म्हणजे 1920 चौकोन. एका माणसाने 45-50 चौकोन भरले तर चाळीसेक माणसांत एक थर होतो. लहान पोरं जास्त असतील तर सहा इंचाचा चौकोन घ्या, मग 40 गुणिले 12, फक्त 480, पण डिझाइन ठोकळेबाज येतं, साध्या नक्षीला चालतं, मोराला नाही.

ग्राफवर प्रत्येक रंगाला नंबर द्या. 1 मरून, 2 पिवळा, 3 हिरवा असं. भिंतीवर चौकोन आखून झाले की खडूने प्रत्येकात नंबर लिहायचा आणि रंगाच्या डब्यावर तोच नंबर मोठ्ठा. संपलं. आता सत्तर वर्षांच्या आजी असोत नाहीतर तिसरीतलं पोरगं, 2 नंबरच्या चौकोनात 2 नंबरचा रंग. "मला येत नाही" म्हणायला जागाच राहत नाही. दुसरा फायदा असा की कुणी उशिरा आलं, मधेच उठून गेलं, दुसऱ्या दिवशी नवीन माणूस आला तरी काम अडत नाही.

जमिनीवर काही करायचं असेल तर ठिपक्यांची रांगोळी आहेच. पूर्व भागात तेलुगू घरांपुढे रोज सकाळी जो मुग्गू पडतो तो काढणाऱ्या बायकांचा हात इतका बसलेला असतो की त्यांना नुसते ठिपके मारून द्या, बाकीचं त्या बोलता बोलता करतात. बागेच्या सिमेंटच्या वाटेवर किंवा झाडाच्या पाराभोवती हे फार छान दिसतं, फक्त वाटेवर जमिनीसाठीचाच रंग वापरा आणि त्यात थोडी बारीक चाळलेली वाळू मिसळा, नाहीतर पावसात माणसं घसरतील.

विषय अजूनही आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, तिथला माळढोक पक्षी, काळवीट. माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झालाय, आपल्या पोरांनी तो निदान भिंतीवर तरी ओळखावा. बागेतल्याच झाडांची नावं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत, ही कल्पना मला स्वतःला फार आवडते, फक्त प्रत्येक लिपी त्या भाषेच्या शिक्षकांकडून तपासून घ्या, चुकलेलं अक्षर भिंतीवर वर्षानुवर्षं राहतं.

चार हुतात्म्यांचा विषय हमखास निघेल. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चौघं. विषय घ्याच, पण चेहरे काढायच्या भानगडीत शिकाऊ हातांनी पडू नये. हुतात्म्याचा चेहरा चुकला तर लोकांना ते लागतं, आणि लागायलाच पाहिजे. चार मशाली काढा, चार झाडं काढा, 1930 च्या सोलापुरातल्या मार्शल लॉची (लष्करी कायद्याची) गोष्ट चार ओळींत सुवाच्य लिहा, नावं ठळक लिहा. चेहराच हवा असेल तर तेवढं काम नीट शिकलेल्या चित्रकाराकडून करून घ्या.

आणि थुंकू नये म्हणून देवाचे फोटो किंवा टाइल्स लावायची आपल्याकडे पद्धत आहे, ती बागेत नको. लोक थुंकायचे थांबत नाहीत, आणि मग देवावर थुंकल्यावरून भांडणं होतात.

दोन-तीन नमुने मोठ्या कागदावर काढून बागेच्या गेटजवळ आठवडाभर लावा. शेजारी टिकल्यांची पाकिटं ठेवा, ज्याला जे आवडेल त्याखाली एक टिकली लावायची. पोरं, बायका, म्हातारी माणसं सगळी थांबतात, बोलतात, टिकली लावतात, आणि ज्यांच्याशी तुमची ओळख नव्हती ती माणसं इथंच भेटतात.

भिंत तयार करणं

हे काम कंटाळवाणं आहे आणि याला मोठी माणसंच हवीत. सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडून काढा, मग तारेचा ब्रश मारा, धूळ झाडा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. भेगा आणि खड्डे भरायला व्हाइट सिमेंटची पुट्टी वापरा, घरातल्या भिंतीची ऍक्रेलिक पुट्टी बाहेर टिकत नाही. कुठं प्लॅस्टर नवीन करावं लागलं तर त्यावर आठवडाभर पाणी मारा आणि एकूण महिनाभर तरी रंग लावू नका, कच्च्या सिमेंटवर रंग जळतो. मग एक्स्टीरियर प्रायमरचा एक हात, रात्रभर वाळला की पांढऱ्या एक्स्टीरियर इमल्शनचा एक हात.

खालचा एक फूट गडद ठेवा, गेरूसारखा लाल नाहीतर काळपट राखाडी. पावसाचे शिंतोडे, माती, सायकलची चाकं सगळं तिथंच लागतं. त्या पट्ट्यात चित्र घ्यायचंच नाही.

आखणीला गल्लीतला एखादा गवंडी बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे त्यांना. लेव्हलची नळी लावून आडवी पातळी घ्यायची, ओळंब्याने उभी, आणि मग सूत रंगात बुडवून फट्कन मारायचं, सरळ रेघ उमटते. पट्टी घेऊन पेन्सिलीने 1920 चौकोन आखायला बसलात तर दिवस जाईल आणि शेवटचे चौकोन तिरके येतील. सुरुवात मधून करा, कडेने नाही, म्हणजे भिंत थोडी कमी-जास्त असली तरी नक्षी दोन्ही बाजूला सारखी बसते.

रंग

फक्त एक्स्टीरियर ऍक्रेलिक इमल्शन घ्या. डिस्टेंपर पहिल्या पावसात जातो. ऑइलपेंट चकचकीत दिसतो पण प्लॅस्टरवर तो भिंतीला श्वास घेऊ देत नाही, आत थोडी जरी ओल असली तरी फुगे येऊन सालपटं निघतात, शिवाय टर्पेंटाइन लागतं, ते पोरांच्या हातात नको.

दोन हात मारायला साधारण एका लिटरमध्ये 50-60 चौरस फूट होतात. आपली चित्राची जागा 120 चौरस फूट, म्हणजे दोन-अडीच लिटर, पण रंग पाच-सहा असले की प्रत्येकात थोडा उरतो आणि थोडा सांडतो, त्यामुळे सगळे मिळून चार लिटर धरा. फिके रंग पांढऱ्यात स्टेनर (रंगाचा घट्ट अर्क) टाकून घरी करता येतात. गडद रंग तसे होत नाहीत, पांढऱ्यात लाल स्टेनर कितीही ओता, गुलाबीच येतो, मरून नाही. मरून, गडद निळा, गडद हिरवा हे दुकानातून मशीनवर डीप बेसमध्ये (गडद रंगांसाठीच्या बेसमध्ये) करून घ्या आणि शेडचा नंबर लिहून ठेवा. भडक गुलाबी, जांभळा, चमकदार लाल हे उन्हात सगळ्यात आधी उडतात. गेरू, पिवळी माती या जातीचे ऑक्साइडचे रंग वर्षानुवर्षं टिकतात. चादरीचा मरून थोडा मातकट घेतला तर जास्त टिकेल आणि खरं सांगायचं तर चादरीसारखाही तोच दिसतो.

रंगवायचे दिवस

नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात बरे. जानेवारीच्या मध्याला गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, त्या आठवड्यात कुणी मोकळं नसतं. फेब्रुवारीपासून दहावी-बारावीची गडबड. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते म्हणून लोक तेव्हा ठरवतात, पण तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशवरच सुकायला लागतो, थर नीट बसत नाही आणि उन्हात पोरं आजारी पडतात. पावसाळ्यात तर नकोच, आपल्याकडे सप्टेंबरमध्ये अचानक जोरदार पडतो.

सकाळी सात ते दहा, बास. एका वेळी भिंतीला दहा-बारा माणसं, दोघांमध्ये हातभर अंतर, बाकीच्यांना पाळी. वरचे चौकोन मोठ्यांनी घोडीच्या शिडीवर उभं राहून भरायचे, पोरांना खालचे. एका नंबरचा रंग पूर्ण करून मग दुसरा, म्हणजे ब्रश धुवायचे कमी आणि डबे उलटसुलट होत नाहीत. रंग मोठ्या डब्यातून कधी द्यायचा नाही, छोट्या वाट्यांमध्ये बोटभर ओतून द्या. जुने शर्ट घालून यायला सांगा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांना डबे भरायला, नंबर वाचून दाखवायला, चहाकडे बघायला बसवा, असं काम देऊन बसवलेले काका शेवटपर्यंत सगळ्यांवर लक्ष ठेवतात.

एक माणूस फक्त चौकोन तपासायला ठेवा, हातात ग्राफ घेऊन. नंबर चुकला तर लगेच सांगायचं नाही, विशेषतः लहान मुलांना, वाळल्यावर वरून दुसरा हात मारायचाच आहे, तेव्हा दुरुस्त होतं.

ब्रश धुतलेलं पाणी झाडांच्या वाफ्यात ओतू नका, गटारात पण नको. जुन्या बादलीत साठवा, रंग खाली बसतो, वरचं पाणी पुन्हा ब्रश धुवायला वापरा. आपल्या गावात तसंही पाणी मोजूनच वापरावं लागतं. तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात द्या.

भिंतच मिळाली नाही तर

फुटक्या टाइल्सचं मोझेइक करा, बाकांच्या पाठीवर नाहीतर पाराच्या कडेला. चंदीगडचं रॉक गार्डन अशाच टाकाऊ वस्तूंतून उभं राहिलंय, नेकचंद नावाच्या एका रोड इन्स्पेक्टरने फुटक्या टाइल्स, बांगड्या, कपबश्या गोळा करून ते गुपचूप सुरू केलं आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आपल्याकडे टाइल्सच्या दुकानांमागे तुकडे पडलेलेच असतात, विचारलं तर देतात.

तुकडे गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायचे, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, आणि हे काम पोरांना द्यायचं नाही. तुकड्यांच्या कडा घासदगडावर घासून घ्या. मग फायबरच्या जाळीवर एक-एक फुटाचे चौकोन तयार करायचे, खाली प्लॅस्टिक अंथरून, टाइल ऍडेसिव्हने तुकडे चिकटवत. हे दुपारी देवळाच्या सभामंडपात नाहीतर कुणाच्या पडवीत बसून होतं, म्हणून ज्या बायकांना बागेत येऊन उभं राहायला संकोच वाटतो त्या इथं नक्की येतात. जाळी वाळली की बागेत नेऊन गवंड्याकडून बसवून घ्यायची आणि फटी ग्राउटने भरायच्या. बसायच्या जागेवर मोझेइक नको, कितीही घासलं तरी एखादी कड राहतेच. कडेने हात फिरवून तपासा, स्वतःचा.

काम झाल्यावर

कोपऱ्यात सगळ्यांची नावं लिहा, सगळ्यांची म्हणजे ज्याने एक चौकोन भरला त्याचंही, आणि महिना, वर्ष. जागा पुरत नसेल तर नावं छोटी करा, माणसं कमी करू नका. उद्घाटनाला नारळ सगळ्यात लहान पोराच्या किंवा सगळ्यात म्हाताऱ्या आजींच्या हातून फोडा, भाषण एकच.

पोस्टर लागलं तर त्याच दिवशी काढायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही, एक राहिलं की दहा येतात. गरम पाणी मारून भिजवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने हळू काढा, पत्र्याने खरवडू नका. पिचकारी ताजी असताना साबणाच्या पाण्याने बरीच निघते, वाळली की त्यावर रंगच मारावा लागतो.

म्हणून उरलेला रंग फेकू नका. प्रत्येक रंग छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर चित्रातला नंबर आणि दुकानाचा शेड नंबर दोन्ही लिहा, आणि ग्राफच्या कागदाची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून सोबत ठेवा. डबे बागेजवळच्याच कुणाकडे ठेवायचे, सावलीत, आणि ते कुणाकडे आहेत ते माळीमामांना, वॉचमनला आणि ग्रुपवर सगळ्यांना माहीत पाहिजे. दसऱ्याच्या आधी, पाऊस संपल्यावर, एका सकाळी चार माणसांनी जाऊन भिंतीकडे बघायचं, कुठं पोपडा धरलाय, कुठला चौकोन उडालाय. तेवढे चौकोन खरवडून, प्रायमर लावून, नंबर बघून पुन्हा भरायचे. चौकोनांचं चित्र असल्यामुळे दुरुस्ती कुठं केली ते नंतर कळतही नाही.